कंपनीकडे तक्रार कशी करावी: पावतीपासून जिल्हा आयोगापर्यंत

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी नवा फ्रिज आला आणि संक्रांतीपर्यंत तो तीनदा बंद पडला. कंपनीचा माणूस दर वेळी यायचा, गॅस भरून जायचा, आणि तीन आठवड्यांत दूध पुन्हा नासू लागायचे. शेवटी मी कंपनीला चार पानी पत्र लिहिले. त्यात सणासुदीला झालेली फजिती होती, सासूबाईंच्या इन्सुलिनची काळजी होती, 'तुमच्यासारख्या मोठ्या कंपनीला हे शोभते का' असा प्रश्नही होता. आठवड्याने उत्तर आले की, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बस, एवढेच.

माझी सारी नोकरी एका कार्यालयात आवक-जावक टेबलावर गेली. लोकांची हजारो पत्रे मी नोंदवहीत चढवली होती, आणि कोणते पत्र त्याच दिवशी टेबलावरून पुढे सरकते आणि कोणते गठ्ठ्यात जाते हे मला तारखेवर नजर टाकताच कळत असे. तरीही स्वतःचे पत्र लिहिताना मी तेच विसरले होते. त्या चार पानांत फ्रिजचा मॉडेल क्रमांक नव्हता, दुरुस्तीच्या तारखा नव्हत्या, आणि मला नेमके काय हवे आहे हे एका ओळीतही नव्हते. दिलगिरी मागितल्यासारखे पत्र होते, म्हणून दिलगिरी मिळाली. दुसरे पत्र मी एका पानाचे लिहिले आणि अकराव्या दिवशी कॉम्प्रेसर बदलून मिळाला. तेव्हापासून सोसायटीतल्या लोकांच्या तक्रारी लिहून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने मांडते.

पत्र वाचणारा माणूस कोण

तक्रार लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर दुकानदार किंवा फोनवर उर्मटपणे बोललेली व्यक्ती असते आणि पत्र आपण तिलाच उद्देशून लिहितो. प्रत्यक्षात ते पत्र वाचणारा माणूस निराळा असतो. आधी तो कंपनीच्या तक्रार विभागातला, दिवसभरात अशी कितीतरी पत्रे उघडणारा कर्मचारी असतो. पुढे प्रकरण वाढले तर तो बँक किंवा विजेसारख्या सेवांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोगाचा सदस्य असतो, ज्याने आपली वस्तू पाहिलेली नसते आणि जो आपल्याला ओळखतही नसतो. दोन वर्षांनी अशा संपूर्ण अनोळखी माणसाने केवळ कागद पाहून निर्णय द्यायचा आहे असे समजून पहिल्या दिवसापासून लिहावे. या लेखातली बाकीची जवळजवळ प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून निघते.

आधी फाईल, मग पत्र

बिल नसेल तर तक्रार निम्मी संपली, म्हणून बिलापासून सुरुवात करते. रविवार कारंजावर असो वा कॉलेज रोडच्या शोरूममध्ये, 'बिल घेतले तर जीएसटी लागेल' असे ऐकले की अनेकजण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दुकानदाराला शांतपणे सांगता येते. बिल मिळाल्यावर त्याचा त्याच दिवशी फोटो काढावा, कारण हल्लीच्या थर्मल कागदावरची अक्षरे कपाटात ठेवूनही वर्षा-दीड वर्षात उडतात. बिलाच्या फोटोबरोबर वॉरंटी कार्ड, वस्तूच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक, आणि पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे यूपीआयचा व्यवहार क्रमांक किंवा बँक उताऱ्याची ओळ, हेही जपावे. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या वस्तूच्या वर्णनाचे पान जसे होते तसे टिपून ठेवावे. तक्रार आल्यानंतर 'दोन वर्षांची वॉरंटी' पानावरून नाहीशी झाल्याचे मी पाहिले आहे.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे सर्व्हिस सेंटरची जॉबशीट. मेकॅनिक घरी आला की तो काय करून गेला हे जॉबशीटवर लिहिले जाते आणि बहुतेक वेळा तेथे 'ओके' एवढेच असते. सही करण्यापूर्वी ती वाचावी आणि बिघाड कायम असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने 'दोष दूर झालेला नाही' असे लिहून तारीख टाकावी. आता अनेक कंपन्या कागदाऐवजी मोबाइलवर एक आकडा पाठवतात, ज्याला मेकॅनिक 'हॅपी कोड' म्हणतात. तो सांगितला की कंपनीच्या दफ्तरी आपली तक्रार समाधानाने मिटल्याची नोंद होते. मेकॅनिक बिचारा घाईत असतो, त्याला पुढे सातपूरला किंवा पाथर्डी फाट्याला जायचे असते, आणि आपण भिडेखातर कोड सांगून टाकतो. यंत्र निदान एकदा नीट चालल्याखेरीज तो सांगू नये. वस्तू दुरुस्तीसाठी नेली जात असेल तर जॉबशीटच्या प्रतीविना ती उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.

यानंतर एक साधी वही किंवा मोबाइलमधली नोंद सुरू करावी, जीत तारीख, वेळ, कोणाशी बोलणे झाले, तक्रार क्रमांक कोणता आणि काय आश्वासन मिळाले एवढ्या पाच गोष्टी ओळीने असाव्यात. कस्टमर केअरशी फोनवर झालेले बोलणे हवेत विरते, म्हणून फोन ठेवल्यावर तासाभरात दोन ओळींचा ईमेल टाकावा: 'आज सकाळी ११ वाजता झालेल्या संभाषणानुसार आपला प्रतिनिधी गुरुवारी येईल असे मला सांगण्यात आले, तक्रार क्रमांक अमुक.' कंपनीने त्याचे खंडन केले नाही तर तोच पुरावा होतो.

येथे एक सावधगिरी. कंपनीचा क्रमांक शोधयंत्रावर शोधू नये; तो बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये पाहावा. बनावट कस्टमर केअर क्रमांक पेरून बसलेल्या टोळ्या परताव्याच्या नावाखाली आपल्या मोबाइलचा स्क्रीन त्यांना दाखवणारे ॲप डाउनलोड करायला लावतात आणि खाते रिकामे करतात. समाजमाध्यमावर उघडपणे तक्रार लिहून खाली मोबाइल क्रमांक दिला तरी याच लोकांचा फोन कंपनीच्या आधी येतो. तशी फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

काय हवे ते आधी ठरवावे

माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त येथेच अडखळतात. आमच्या मजल्यावरच्या एका काकांची तक्रार ऐकायला मी अर्धा तास बसले आणि शेवटी विचारले, 'काका, तुम्हाला मशीन बदलून हवे आहे की पैसे परत?' ते म्हणाले, 'त्यांना धडा शिकवायचा आहे.' धडा शिकवण्यासाठी कंपनीच्या अर्जात रकाना नसतो. दुरुस्ती, बदली, परतावा, झालेल्या खर्चाची भरपाई, चुकीची आकारणी रद्द करणे, यांपैकी एक मुख्य मागणी ठरवावी आणि ती मान्य नसेल तर दुसरी कोणती चालेल हेही मनाशी पक्के करावे.

भरपाईचा आकडा हिशेबातून यावा. वॉशिंग मशीन दीड महिना बंद होते आणि त्या काळात धुलाईवर २,४०० रुपये गेले असतील तर पावत्यांसह २,४०० मागावेत. १८,००० रुपयांच्या मशीनसाठी पाच लाखांचा मानसिक त्रास लिहिला की वाचणाऱ्याचा पावत्यांवरचाही विश्वास डळमळतो. मानसिक त्रासाची भरपाई मागू नये असे नाही, परंतु ती आयोगापुढच्या टप्प्यावर आणि प्रमाणात मागावी. कंपनीला जाणाऱ्या पहिल्या पत्रात तिची आवश्यकता नसते.

हक्क कोणता आहे हेही येथेच तपासावे. बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले असले तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही: सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या अधिनियमानुसार अनुचित प्रथाच आहे. मात्र रंग आवडला नाही म्हणून साडी परत करणे हा कायद्याचा हक्क नाही, तो दुकानदाराचा चांगुलपणा आहे. तसेच पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. अंबडच्या कारखान्यासाठी घेतलेले यंत्र यात बसणार नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून चालवलेल्या एकाच शिलाई मशीनचा मालक यात बसतो.

पत्र कोणाच्या नावे

पहिली पायरी कस्टमर केअरची, आणि ती टाळू नये, कारण तक्रार क्रमांक तेथेच मिळतो. आठ-दहा दिवसांत काम झाले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक संस्थेने असा अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर केला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. त्या अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. चिकाटीने खाली जावे. बाकी कंपन्यांच्या बाबतीत नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता बिलावर आणि लेटरहेडवर असतो, आणि वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता व ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणे बंधनकारक असते.

दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही एकाच पत्राच्या प्रती द्याव्यात. दुकानदार 'कंपनीशी बोला' म्हणतो, कंपनी 'डीलरकडे जा' म्हणते, आणि आपण मेन रोडच्या गर्दीतून दोन्हीकडे खेटे घालत राहतो. पत्र दोघांच्या नावे असले की ही टोलवाटोलवी कागदावर दिसते.

पत्राचा नमुना

विषय, संदर्भ आणि सोबतची कागदपत्रे ही आपल्या सरकारी पत्राची जुनी मांडणी मला अजूनही सर्वांत उपयुक्त वाटते. वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच प्रकरण समजते. वॉशिंग मशीनचे एक पत्र असे होईल:

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता)
प्रत: (विक्रेत्याचे नाव व पत्ता), नाशिक

विषय: वॉशिंग मशीन, मॉडेल (क्रमांक), सिरियल (क्रमांक) यातील वारंवार येणाऱ्या दोषामुळे मशीन बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) बिल क्रमांक (…), दिनांक २ नोव्हेंबर, २) तक्रार क्रमांक (…), (…) व (…).

महोदय,
वरील मशीन मी दिनांक २ नोव्हेंबर रोजी १८,००० रुपयांस खरेदी केले असून त्यास दोन वर्षांची वॉरंटी आहे. दिनांक २० नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि ४ जानेवारी रोजी ड्रम फिरणे बंद पडले. तिन्ही वेळा आपल्या प्रतिनिधीने दुरुस्ती केली. जॉबशीटच्या प्रती सोबत आहेत. दिनांक १० जानेवारीपासून मशीन पुन्हा बंद आहे.
तीन दुरुस्त्यांनंतरही तोच दोष येत असल्याने माझी विनंती आहे की, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन बदलून द्यावे, आणि ते शक्य नसल्यास १८,००० रुपये परत करावेत. या काळात बाहेरच्या धुलाईवर झालेले २,४०० रुपयेही मिळावेत. पावत्या जोडल्या आहेत.
या मुदतीत लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, नाशिक यांच्याकडे दाद मागावी लागेल.
आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल)

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, तीन जॉबशीट, धुलाईच्या पावत्या.

एवढेच. या पत्रात 'फसवणूक', 'चोर', 'लुटारू' असे शब्द नाहीत, आणि ते भिडस्तपणामुळे गाळलेले नाहीत. फसवणुकीचा आरोप केला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दोष मात्र जॉबशीट आपोआप सिद्ध करते. शेवटचे वाक्य धमकीसारखे वाटू नये म्हणून ते एकदाच आणि साध्या भाषेत लिहावे, आणि खरोखर जायची तयारी असेल तरच लिहावे. मूळ कागद कधीही पाठवू नयेत, प्रतीच पाठवाव्यात. पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, पण मुख्य कार्यालय गुरुग्राम किंवा बेंगळुरूला असेल तर इंग्रजी प्रत जोडल्यास काम लवकर होते, हे मान्य करायला हवे.

पत्र ईमेलने पाठवावे आणि तेच छापून, सही करून टपालानेही पाठवावे. पूर्वीचे रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, किंवा जवळच्या टपाल कार्यालयात पाठवताना पोहोचल्याचा पुरावा मागून घ्यावा, पावती जपावी, आणि टपाल पोहोचल्याची नोंद संकेतस्थळावरून लगेच छापून फाईलला लावावी, कारण ती कायमची तेथे राहत नाही. विक्रेता शहरातच असेल तर प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला तर वाद न घालता बाहेर पडून तेच पत्र टपालात टाकावे.

कंपनीचे उत्तर वाचताना

उत्तर न येणे सोपे असते, मुदत संपली की पुढची पायरी. अवघड असते ते गोड उत्तर. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असे आले तर त्याच ईमेलला उत्तर देऊन विभाग, अधिकारी आणि तारीख विचारावी आणि आपली मूळ १५ दिवसांची मुदत कायम असल्याचे नोंदवावे. 'वापरकर्त्याच्या चुकीमुळे बिघाड' असे आले तर तपासणी अहवालाची प्रत मागावी. अनेकदा असा अहवाल नसतोच. 'उंदराने वायर कुरतडली' किंवा 'व्होल्टेजमुळे जळाले' ही कारणे मात्र खरीही असू शकतात, म्हणून दुसऱ्या जाणत्या मेकॅनिककडून लेखी मत घेतल्याशिवाय त्यांच्यावर भांडत बसू नये.

काही कंपन्या सवलतीचे कूपन किंवा पुढील खरेदीवर सूट देऊ करतात. ते घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, परंतु त्यासोबत येणारा कागद पूर्ण वाचावा; त्यात 'माझी कोणतीही मागणी उरलेली नाही' असे वाक्य असेल आणि आपली मागणी उरलेली असेल तर सही करू नये. अर्धवट रक्कम खात्यात परस्पर जमा झाली तर 'ही रक्कम अंशतः भरपाई म्हणून, माझे हक्क राखून स्वीकारत आहे' असे त्याच दिवशी कळवावे.

कंपनीबाहेरच्या वाटा

मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावावा. तेथे मराठीत बोलता येते, आणि संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये कागद जोडून तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे प्रकरण पाठवून तडजोड घडवते. तरीही मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती आश्चर्य वाटावे इतकी कामाला येते, कारण तेथे कंपनीचा वेगळा चमू ती प्रकरणे पाहतो. माझ्याकडे आलेल्या परताव्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच मिटल्या.

काही क्षेत्रांसाठी मात्र स्वतंत्र दारे आहेत आणि तीच आधी ठोठवावीत. बँकेच्या बाबतीत आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून जावे. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले तर बँकेने ते पाच दिवसांत परत केले पाहिजेत आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये दिले पाहिजेत, असे रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते. हे शंभर रुपये बँकेने आपणहून जमा करायचे असतात, तरी पत्रात परिपत्रकाचा उल्लेख केल्याने आठवण लवकर होते. मोबाइल कंपनीची तक्रार १९८ वर नोंदवून समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही हा जुना वाद फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने मिटवला आहे.

महावितरणच्या अवाजवी बिलाबाबत १९१२ वर किंवा उपविभागात तक्रार नोंदवावी, मीटरचा दिसणारा आकडा तारखेसह टिपावा, आणि निवारण न झाल्यास नाशिक परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. त्यापुढे विद्युत लोकपाल आहे. अनधिकृत वापराबद्दल वीज कायद्याच्या कलम १२६ खाली झालेली आकारणी मात्र ग्राहक आयोगात नेता येत नाही, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तेथे त्या कायद्यातल्याच अपिलाची वाट धरावी लागते.

नाशिक जिल्ह्यात बियाण्यांचा विषय वगळून हा लेख पुरा होणार नाही. निफाड, येवला, दिंडोरी भागांत कांद्याचे किंवा टोमॅटोचे बी उगवले नाही, किंवा भलतेच निघाले, की शेतकरी दुकानदाराशी हुज्जत घालतो आणि आठ दिवसांत शेत मोडून दुसरे पीक घेतो. शेत मोडले की पुरावा मोडला. बिलावर लॉट क्रमांक लिहून घेणे, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बी राखून ठेवणे, आणि पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून पाहणी व पंचनामा करून घेणे, ही कामे त्याच आठवड्यात व्हायला हवीत. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि त्या दाव्याचा सारा भार पंचनाम्यावर असतो.

जिल्हा आयोगाची पायरी

आयोग म्हटले की काळा कोट आणि वर्षानुवर्षांच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. तारखा पडतात हे खरे आहे. कायद्याने कंपनीला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, आणि वस्तूची चाचणी लागणार असेल तर पाच महिने, एवढा काळ अपेक्षित धरला आहे, पण प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागेल असे धरूनच जावे. वकील मात्र सक्तीचा नाही. स्वतः उभे राहता येते, आणि दृक्श्राव्य माध्यमातून सुनावणी मागण्याचीही तरतूद आहे. ज्यांना एकट्याने धीर होत नाही त्यांनी ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडे कागद दाखवावेत; बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीची माणसे आपल्याकडेही आहेत आणि ती खरोखर वाचून सांगतात.

२०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथे तक्रार दाखल करता येते. म्हणजे कंपनी कोठलीही असली आणि खरेदी मुंबईत झाली असली, तरी नाशिकचा रहिवासी नाशिकच्या आयोगात जाऊ शकतो. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे असते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क शून्य आहे. तक्रार प्रत्यक्ष देता येते किंवा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर भरता येते.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती वादाचे कारण घडले त्या दिवसापासून मोजली जाते. येथे पुष्कळ लोक फसतात. आपण कंपनीशी पत्रव्यवहार करत आहोत म्हणजे मुदत थांबली आहे असा समज असतो; नुसत्या पत्रव्यवहाराने ती थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका पर्यटन कंपनीला अडीच वर्षे स्मरणपत्रे पाठवत राहिल्या, आणि प्रत्येक उत्तरात कंपनी त्यांना 'लवकरच' म्हणत राहिली. म्हणून फाईलच्या पहिल्याच पानावर दोन वर्षे पूर्ण होण्याची तारीख लाल शाईने लिहावी आणि तिच्या सहा महिने आधी आयोगाची तयारी सुरू करावी.

तक्रारीत पक्षकारांची नावे व पत्ते, घटना तारीखवार, दोष किंवा सेवेतील त्रुटी कोणती, मुदतीत असल्याचे विधान, अधिकारक्षेत्र आणि मागण्या, असा क्रम ठेवावा. त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि अनुक्रमांक घातलेली कागदपत्रांची यादी जोडावी. ईमेल आणि मोबाइलवरचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे, प्रमाणपत्र जोडले तर पुढे हरकत येत नाही. येथपर्यंत वही आणि फाईल नीट असेल तर तक्रार लिहिणे एका दुपारचे काम आहे. नसेल तर महिनाभर जुने ईमेल उकरत बसावे लागते.

दाखल झाल्यावर साधारण २१ दिवसांत तक्रार स्वीकारायची की नाही हे ठरते, आणि तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. त्यानंतर कंपनीला म्हणणे मांडण्यास ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. त्यामुळे नोटीस कंपनीला कोणत्या दिवशी मिळाली ती तारीख आपण स्वतः टिपून ठेवावी आणि उशीर झाल्यास आयोगाच्या नजरेस आणून द्यावी. मधल्या काळात मध्यस्थीचा प्रस्ताव येऊ शकतो. लहान रकमेच्या प्रकरणात मी तो घ्यावा असेच सांगते, मात्र तडजोडीत रक्कम, देण्याची तारीख आणि उशीर झाल्यास व्याज या तिन्ही गोष्टी लेखी असाव्यात.

निकाल आपल्या बाजूने लागला तरी कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करण्यास ४५ दिवस असतात, आणि त्यासाठी तिला आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान २५,००० आणि कमाल एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी कलम ७२ ची तरतूद आहे. हा अर्ज दाखल झाल्यावर कंपनीच्या वकिलाचा फोन बहुधा येतोच. तेव्हा धनादेश हातात पडला म्हणून लगेच 'पूर्ण रक्कम मिळाली' असे लिहून देऊ नये. तो बँकेत भरावा, वटू द्यावा, व्याजाचा हिशेब आदेशाशी ताडून पाहावा, आणि मगच पावती द्यावी.